बोटभर आखूड पंख

२ फेब्रुवारी, सोमवार

ती. आत्यास,
सा. न. आणि त्याच्याही आधी माफी, वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. संग्रहालयात आलेल्या लाकडी पाखराचे दोन्ही पंख सारखे, सोळा-सोळा सेंटिमीटरचे आहेत असं मी कळवलं होतं. ते खरं नाही. मी एकच पंख मोजला आणि दुसऱ्यापुढे तोच आकडा लिहून टाकला, कारण एकाच पाखराला दोन मापांचे पंख कोण कशाला करेल, असं माझं मीच ठरवलं होतं. शनिवारी काचेच्या पेटीत ठेवायला ते दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा माझ्या आधी हातांना कळलं. एक पंख दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे. टोक करवतीने कापलंय आणि वरून रंग फासलाय. भिंग लावलं की रंगाखाली करवतीच्या रेघा दिसतात. बाकी सगळं पाखरू इतकं घोटलेलं आहे की त्यावरून बोट घसरतं, आणि हे एवढंच टोक खरबरीत.

तू म्हणशील, यात माफी मागण्यासारखं काय आहे? पण त्या एका आकड्यावर मी पुढचं सगळं रचलं ना. पाय नाहीत, पोटाला भोक आहे, पंख आखूड आणि सारखे आहेत, म्हणजे काठीवर बसवून मुलांनी पळवायचं खेळणं, असं मी नोंदीत लिहिलं. ‘बापाने मुलीसाठी केलेलं असावं’ असंही लिहिलं. आमच्या मोठ्या बाईंनी त्यातलं ‘असावं’ खोडलं. म्हणाल्या, बघायला येणाऱ्यांना असावं-नसावं आवडत नाही, त्यांना काय ते एक सांगून टाकायचं. मी गप्प बसले. आता ती पाटी छापून आली आहे आणि पुस्तिकाही.

पाखरू देणाऱ्या बाईंबद्दल मी लिहिलं होतं, त्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. साठी उलटली आहे तरी अजून कामावर जातात. वडिलांच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं हे पाखरू त्यांना सापडलं. काय असेल हे एवढं सांगा, म्हणजे मी मोकळी झाले, असं त्यांनी पाखरासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. मी त्यांना पाटीची नक्कल पाठवली. उत्तर आलं आहे. त्या लिहितात की वडिलांनी जन्मात कधी जवळ घेतलं नाही, हमाली करून आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि त्यांनी आपल्यासाठी खेळणं केलं होतं हे सहासष्टाव्या वर्षी कळावं! नक्कल त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. सात मार्चला प्रदर्शन उघडतं, तेव्हा नातीला घेऊन येणार आहेत.

आत्या, मला धड झोप नाही. इथे प्रत्येकाचा आपला अंदाज आहे. मोठ्या बाई खेळण्यावर ठाम. शिपाईकाका म्हणतात, दुसरी पाखरं फसून खाली उतरावीत म्हणून शिकारी ठेवतात तसलं असेल. पण मग एकच पंख कापायचा कशाला? तू सुताराची मुलगी. लाकडातलं तुला माझ्या पदवीपेक्षा जास्त कळतं. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाचं घालतेस, म्हणून लिहिते आहे. नीट विचार करून सांग.

आजोबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. पण त्यांनी तरी काय सांगितलं असतं? आम्हा कुणाला त्यांनी जन्मात एक भोवरासुद्धा करून दिला नाही.

दादांची तब्येत ठीक. दुकानात ड्रॉवरांची मोठी ऑर्डर आहे, आणि प्रत्येक ड्रॉवर आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे खडखडतोय.

लोभ आहेच, चुका पोटात घालण्याइतका तो असू दे.

तुझी,
मोजपट्टी

---

७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चार पानं एका पंखावर! तुला लहानपणी वाटीत आमटी वाढली की वाटी डोळ्यांसमोर धरून भावाच्या वाटीशी ताडून बघायचीस, ते काही गेलं नाही. अगं, जग बोटभर इकडेतिकडे झालं तर बुडत नाही.

आता माझे अंदाज घे, फुकट आहेत. एक, ते कुणा कुबड्या म्हाताऱ्याच्या काठीची मूठ असेल. दोन, धान्याच्या मोठ्या बरणीचं झाकण, म्हणजे पाखराला धरायचं आणि उचलायचं. तीन, भिंतीवर अडकवून नवरे लोक त्यावर टोपी ठेवत असतील. चार, एखाद्या सुतार पोराने हात बसावा म्हणून केलं असेल आणि मास्तरांनी फेकून दिलं असेल. पाच, तुझं खेळणं. यातलं पाचवं सगळ्यात चांगलं. तेच राहू दे.

कापलेल्या डाव्या पंखाचं म्हणशील, तर पोरं आपटतात, तुटतं, मग कुणीतरी बाप टोक कापून सारखं करतो. त्यात एवढं काय? त्या भिंगवाल्या बाईला बाप मिळालाय ना? मिळू दे. तू तिला परत पत्र लिहून काही बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काढून घेण्याची घाई करू नये, मी स्वतः म्हातारी आहे म्हणून सांगते.

माझं शिवण आता थोडंच. सुईत दोरा ओवायला समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारते. ती ओवून देते आणि वर विचारते, अजून किती वर्षं शिवणार? मी म्हणते, कापड संपेपर्यंत. गुडघे कुरकुरतात. परवा कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि मांजर आत जाऊन बसलं. आमच्या वडिलांची कृपा, दुसरं काय. दोन्ही दारांमध्ये एवढी फट ठेवायचे की मांजराने संसार थाटावा.

दादाला, तुझ्या बापाला, सांग, गोळ्या वेळेवर घे. आणि त्याला या पाखराचं काही सांगत बसू नकोस. त्याला आधीच व्याप कमी नाहीत.

मोठ्यांना नमस्कार, तुला पोटभर माया.

तुझी,
आत्या

---

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा हसले.

मी माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते, हे तुला ठाऊक आहे. तूच चेष्टा करतेस. ती नक्कल काढून पाहिली. मी ‘एक पंख’ असं लिहिलं होतं. ‘डावा’ कुठेही लिहिलं नव्हतं. तो डावाच आहे.

सहज लिहून गेली असशील, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. पण मंगळवारी आणखी एक झालं. पाखराच्या पोटातल्या भोकात लोखंडाचा गंजलेला तुकडा अडकला होता. मी त्याला खिळा म्हणून नोंदवलं होतं, तेही चुकीचंच. आमच्या दुरुस्तीवाल्या काकांनी दिवसभर तेल सोडून तो बाहेर काढला. तो चांगल्या जाड गजाचा तुकडा आहे. कुठलं मूल एवढा जड गज घेऊन पळेल? आणि भोकाच्या आतल्या कडेला पटाशीच्या कोपऱ्याने मारलेल्या तीन खाचा आहेत. दोन जवळ, एक लांब. रात्रीचं जेवण होताच मी माझ्या टेबलाचा ड्रॉवर पूर्ण ओढून काढला आणि उलटा केला. तिथेही त्याच आहेत. दोन जवळ, एक लांब. लहानपणी पलंगाखाली शिरून मी त्या बोटांनी चाचपायची, आणि तू म्हणायचीस की ही आजोबांची सही, त्यांना नाव लिहायला वेळ लागतो म्हणून.

पाखरू आजोबांनी केलं आहे. ज्या माणसाने आम्हाला भोवरा दिला नाही त्याने.

डाव्या पंखाखाली घासल्याचा पट्टा आहे, आणि त्यात हिरवा रंग भरला आहे. पाखराच्या अंगावर हिरवा कुठेच नाही. म्हणजे ते कशालातरी, हिरव्या रंगाच्या कशालातरी, जोराने घासलं आहे.

चष्मेवाल्या बाईंना तू सांगितलंस तसं मी काहीच कळवलं नाही. पण त्यांचंच दुसरं पत्र आलं. मन मोकळं झाल्यासारखं लांबलचक आहे. त्या लिहितात की वडील पूर्वी नदीकाठच्या एका गावी पुरावर पहारा करायला होते. पूर आला, खालच्या गल्लीत रंगाच्या कारखान्यातली सात माणसं गेली, आणि चौकशीत वडिलांचा हलगर्जीपणा ठरला. तेव्हा बाई पाळण्यात होत्या. पुढे गाव बदललं, पण बोलणं मागोमाग आलं. शाळेत त्यांना बुडव्याची पोर म्हणत. लग्न दोनदा मोडलं. वडील ताप चढला की एकच बोलायचे, तेल मी घातलं होतं. घरच्यांना वाटायचं दिव्याचं तेल म्हणतात. बाईंनी शेवटी लिहिलं आहे की ते असतील निष्काळजी, असतील दोषी, पण माझ्यासाठी खेळणं करत बसले होते एवढं आता मला माहीत आहे, तेवढं पुरे.

आत्या, त्यांना वाटतंय की वडील खेळणं करत बसले म्हणून पहारा चुकला. माझ्या पाटीने त्यांना एवढंच दिलं आहे.

बाईंनी गावाचं नाव लिहिलं आहे. नदीकाठचं ते गाव म्हणजे तू राहतेस तेच. आजोबांचं पहिलं दुकान तिथेच होतं. ते सोडून शहरात का आले, हे मी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

मी दादांना अजून बोलले नाही. तुला विचारते आहे. हे पाखरू काय आहे?

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला. आज मागते.

तुझी,
मोजपट्टी

---

१८ फेब्रुवारी

चि. पोरीला आ.

चष्मा पुसत पुसत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर लावून घे. ही गोष्ट मी तुझ्या काकांनाही, ते होते तोवर, सांगितली नव्हती.

नदी आणि खालची गल्ली यांच्यामध्ये कारखान्याची उंच भिंत होती. गल्लीतून नदी दिसायचीच नाही. म्हणून भिंतीला लागून एक दगडी खोली होती, आत विहिरीसारखा खड्डा, आणि खड्ड्याला नदीचं पाणी खालून येऊन मिळायचं. खड्ड्यात एक बंद पिंप तरंगायचं. पिंपावर उभा लोखंडी गज, गज छपराबाहेर, आणि छपरावर हिरव्या रंगाची लाकडी पेटी, वरून उघडी. गजाच्या टोकाला पाखरू. नदी खाली असली की पाखरू पेटीत बसलेलं. पाणी चढलं की पिंप वर, गज वर, आणि पाखरू पेटीतून डोकं काढायचं. ते अख्खं वर आलं की पाखरूवाला घंटा वाजवायचा आणि गल्ली रिकामी व्हायची. पाखरूवाला म्हणजे तुझ्या चष्मेवाल्या बाईचा बाप. आम्ही पोरं त्याला तेच म्हणायचो. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून वर बघायच्या आणि म्हणायच्या, बसलंय, बसलंय, आणि आपल्या कामाला लागायच्या.

आधीचं पाखरू म्हणजे नुसतं मुसळ होतं, चोच लावलेलं. ते कुजलं. नवं करायचं काम वडिलांना मिळालं. त्यांना साधं काही करवायचं नाही त्या काळी. लांबून दिसायला हवं म्हणाले, आणि जरासे पंख उघडलेलं पाखरू केलं. मी पॉलिश-कागद घासला होता त्यावर, नऊ वर्षांची होते. उन्हाच्या दिवसांत बसवलं. वरखाली करून दाखवलं. लोण्यासारखं सरकत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग हवा ओली झाली. चार दिवस भुरभुर होती. पाचव्या दिवशी ऊन पडलं, पण नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झालेला. सकाळी मी शाळेत जाताना पाखरूवाल्याकडे थांबले, रोजच्यासारखी. तो रोज सकाळी गजाला तेल घालायचा आणि कुपी मला धरायला द्यायचा. त्या दिवशीही दिली. माझ्या फ्रॉकवर थेंब पडला म्हणून घरी बोलणी खाल्ली. तेल घातलं होतं गं. कुपी माझ्या हातात होती.

दुपारी पुराच्या लोंढ्याने भिंत पडली. जेवणाची सुट्टी संपून माणसं कामाला लागली होती. सगळ्यांनी वर बघितलं असणार, कारण सगळे बघायचेच. पाखरू बसलेलं होतं.

संध्याकाळी अधिकाऱ्यांनी वडिलांना पाखरू काढून आणायला सांगितलं, सकाळी चौकशी होती. ते घरी घेऊन आले. डावा पंख फुगून पेटीच्या कडेत रुतला होता. त्यांनी तो ओढून काढलेला. बाकावर ठेवलं. मग मला म्हणाले, धर. मी दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांनी बोटभर कापलं. घोटायला वेळ नव्हता, रंग लावला आणि चुलीपाशी वाळवला. मला म्हणाले, कुणी विचारलं तर तू झोपली होतीस. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सकाळी सगळ्यांसमोर पाखरू लोण्यासारखं वर गेलं. मग पंखाचा दोष नाही, आदल्या दिवशी गजाला तेलच नसणार, असं साहेबांनी लिहून घेतलं.

पुढे ती खोली बंद करून भोंगा बसवला. पाखरूवाला गाव सोडायच्या आदल्या दिवशी दुकानात आला. टाकून दिलेलं पाखरू त्याने मागून घेतलं होतं. ते त्याने बाकावर ठेवलं, डाव्या पंखाच्या टोकावरून अंगठा फिरवला, दोनदा. वडिलांनी मान वर केली नाही. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला की तू कितवीत गं? मी सांगितलं, चौथीत. बरं म्हणाला, पाखरू उचललं आणि गेला. तेव्हापासून मी त्या ‘बरं’ला घाबरते. त्याला कळलं होतं. घरात त्याचीही तान्ही पोर होती, तरी तो माझ्याकडे बघून गेला.

वर्षाच्या आत वडिलांनी दुकान हलवलं. मी लग्न होऊन पुन्हा याच गावात येऊन पडले, हे माझं नशीब. भिंत होती तिथे आता दुचाक्या लावतात.

आता माझं ऐक. वडील गेले, तो गेला, ती सात माणसं गेली. राहिले कोण? तुझा बाप. दुकानावर अजून वडिलांच्या नावाची पाटी आहे, खाली ‘भरवशाचं काम’. त्याने सगळा जन्म त्या पाटीखाली काढला. आणि ती बाई. तिला खेळणं मिळालं आहे. ते काढून घेऊन तिला पूर देणार आहेस का? मला हवं तितकं वाईट समज, पण मी आहे तोवर राहू दे. फार वर्षं नाहीत. नंतर तुझ्या वहीत काय लिहायचं ते लिही.

रागावलीस तरी पत्र टाक.

आत्या

---

२ मार्च, सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बारा दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावले म्हणून नव्हे. रोज लिहायला बसायची आणि ‘राहू दे’ असं लिहून बघायची. तीन पत्रं तशी लिहिली. एकात तर लिहिलं होतं की पंख आपटून तुटला असावा. मग ते ‘असावं’ माझंच मला दिसलं आणि फाडलं.

तुला मी वाईट समजत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला धर म्हटल्यावर ती धरणारच. मीही धरलं असतं. पण मी नऊ वर्षांची नाही, आणि माझ्याही हातात ते पाखरू आहे. मोठ्या बाईंनी ‘असावं’ खोडलं तेव्हा मला कुणी गप्प बस असंही म्हटलं नव्हतं.

जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे जाऊन चौकशीचा कागद मिळवला. दीड पान आहे. पाखरूवाल्याचं म्हणणं एका ओळीत, तेल सकाळी घातले होते, साक्षीदार कोणी नाही. आत्या, तेव्हा तुझं नाव त्याने घेतलं असतं तर? कुपी कुणाच्या हातात होती हे त्याला माहीतच होतं. त्याने साक्षीदार कोणी नाही असं लिहून दिलं.

काल रविवारी दादांना सांगितलं. क्षमा कर, तू नको म्हणाली होतीस. पण दुकानाची पाटी त्यांची आहे, त्यांच्या पाठीमागे कसं करू? ते रंधा मारत होते. सगळं ऐकेपर्यंत रंधा थांबला नाही, फक्त एकाच जागी फिरत राहिला, फळीला खळगा पडला. मग त्यांनी विचारलं, किती कापलं होतं? मी म्हटलं, बोटभर. ते उठले आणि गिऱ्हाइकासाठी केलेल्या ड्रॉवरांपैकी एक ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. खडखड, खडखड. म्हणाले की हाताखाली शिकत होतो तेव्हा मी एक खण घट्ट बसवला, सुरेख बसला होता, तर तुझ्या आजोबांनी तो जमिनीवर आपटून फोडला. लाकूड फुगतं रे, लाकूड फुगतं, एवढंच रडत रडत ओरडत होते. मला वाटायचं, एवढ्याशासाठी माणूस रडतं का? मग दादा आत जाऊन पडले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. दुकानाची पाटी अजून जागेवर आहे. तिचं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. तिथे जाऊन त्या बाईंना सांगू नकोस, असं मात्र ते मला म्हणाले नाहीत.

आपल्या घरातला एकही खण घट्ट का बसत नाही, यावर आपण किती हसलो असू. काल रात्रीपासून माझ्या टेबलाचा ड्रॉवर मी हळूच लावते.

नवी पाटी मी लिहिली आहे. ‘पुराची पातळी दाखवणारं पाखरू. पाणी चढलं की ते वर दिसे. एका पुरात डावा पंख फुगून अडकला आणि सात माणसं गेली. त्यानंतर पंखाचं टोक कापलं आहे. पहारेकऱ्याने त्या सकाळी गजाला तेल घातलं होतं.’ मोठ्या बाईंनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, याला आधार काय? मी म्हटलं, आधार आहे. त्या म्हणाल्या, मग तो कागदावर हवा, नाहीतर तुझं ‘असावं’ परत घाल. त्यांचं या वेळी बरोबर आहे.

खेळण्याची पाटी मी काढून ठेवली. पुस्तिकांचं ते पान शिपाईकाका, दुरुस्तीवाले काका आणि मी, आम्ही तिघं मिळून कापतो आहोत.

आत्या, बाईंना सांगायला मी एकटी जाऊ शकते. पूर सांगेन, पेटी सांगेन, कापलेला पंख हातात देईन. टेबलाच्या काचेखालचा कागद त्यांनी स्वतः काढावा लागेल, आणि ते बघत मला बसावं लागेल, कारण तो मीच दिला होता. पण तेल घातलं होतं, एवढं मात्र माझ्या तोंडून ते ऐकीवच राहणार. ते ज्याने म्हटलं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आता जगात एकच माणूस ते बघितलेलं सांगू शकतं. तुला यायला जमणार नसेल तर कागदावर दोन ओळी लिही आणि खाली सही कर. तीन खाचा मारू नकोस, नाव लिही.

त्या तुला काय म्हणतील, मला माहीत नाही. मी तुला खोटा धीर देत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत आणि भिंतीकडे तोंड करून बसतील, वडिलांसारख्या. त्यांनी सात तारखेला नातीला घेऊन येऊन त्या पेटीसमोर उभं राहण्याआधी हे व्हायला हवं, एवढंच मला कळतं.

दादा गोळ्या घेताहेत. सुईत दोरा ओवून ठेवायला मी येईन, पुष्कळ दोरे एकदम, लागतील तेवढे.

तू माझ्यावर केलेला लोभ या पत्रानंतर उरला, तर जपून ठेव, मी घ्यायला येईन.

तुझीच,
मोजपट्टी

ता. क. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. बाईंच्या गावची बस इथून सव्वानऊला सुटते आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तुझ्या कोपऱ्यावर, दुचाक्या लावतात त्या भिंतीच्या जागेसमोर थांबते. तिथे ती फार वेळ थांबत नाही. मी डावीकडच्या खिडकीत बसेन, पाखरू मांडीवर असेल आणि शेजारची जागा धरलेली असेल. तू आलीस तरी, नाही आलीस तरी, मी जाते आहे, येत्या गुरुवारी, ५ मार्चला.